मामांची सूज, धाप आणि ताटातला भात : हृदयविकारामागे जीवनसत्त्वाची उणीव असू शकते का?

प्रश्न : वाळवंटीकाठ, साखळी

नमस्कार. माझे मामा सत्तरी तालुक्यात राहतात. त्यांचे वय ६१ आहे, आणि दोन वर्षांपूर्वी मामी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मामेबहीण लग्न होऊन फोंड्याला गेली आहे, ती पंधरवड्यातून एकदा जाऊन येते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली, आणि दिवाळीपर्यंत अशी अवस्था आली की ज्या कुळागराची (पोफळीच्या बागेची) चढण ते चाळीस वर्षे दिवसातून चार-चार वेळा चढत आले, तिच्या अर्ध्या वाटेवरच त्यांना धाप लागून खाली बसावे लागू लागले.

तपासण्या झाल्या. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात हृदयाच्या डाव्या कप्प्याचे आकुंचन उत्तम आहे, परंतु उजवी बाजू फुगलेली आहे आणि फुप्फुसांच्या धमन्यांतील दाब वाढलेला आहे, असे लिहिले आहे. रक्तदाब १३० आणि ५० असा भरतो. हार्ट फेल्युअर असल्याचे सांगून लघवीची गोळी सुरू केली गेली. तिने सूज उतरते आणि आठवड्याभरात पुन्हा येते, म्हणून गोळीची मात्रा आजवर दोनदा वाढवली आहे. आता आम्हांला सांगण्यात आले आहे की हा आजार असाच राहणार, आपण फक्त तो आवरून धरायचा.

मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. मी त्यांचे पाय चेपत होतो तेव्हा ते चांगलेच गरम लागले. इतक्या थकलेल्या माणसाचे पाय गार असतील असे मला वाटले होते. शिवाय मामी गेल्यापासून त्यांचे जेवण म्हणजे सकाळ-दुपार पांढऱ्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दिवसभर चहा, तोंडात सुपारी, आणि संध्याकाळी फेणी. नुस्ते (मासे) कोणी आणून दिले तर, भाजी जवळजवळ नाहीच. माझ्या ओळखीच्या एका परिचारिकेने हे ऐकल्यावर विचारले की कोणी त्यांना ब१ जीवनसत्त्व दिले आहे का. एका जीवनसत्त्वाच्या उणिवेने हृदय आणि फुप्फुसे इतकी बिघडू शकतात का, की मी उगीच आशेला धरून बसलो आहे?

उत्तर : निवृत्त वैद्यकशिक्षक, मडगाव

आपली आशा उगीच नाही. मी मामांना तपासलेले नाही, त्यामुळे निदान सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपण जे लिहिले आहे ते वाचून कोणत्याही डॉक्टरच्या मनात ब१ म्हणजे थायामिन यायला हवे, आणि आपल्या लेखनातील दोन तपशील तर मला फारच बोलके वाटले.

पहिला तपशील गरम पायांचा. हृदयाचा स्नायू दुबळा होऊन जे हार्ट फेल्युअर होते त्यात रक्त पुढे ढकलले जात नाही, म्हणून हातपाय बहुधा गार पडतात, नाडी क्षीण लागते आणि इकोमध्ये डाव्या कप्प्याचे आकुंचन कमी भरते. इथे आकुंचन उत्तम आणि पाय गरम आहेत. दुसरा तपशील रक्तदाबाचा. वरचा आकडा १३० आणि खालचा ५०, म्हणजे मध्ये ८० चे अंतर. हे अंतर असे रुंदावते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या सैल पडून रक्त त्यांतून फार वेगाने वाहून जात आहे, असा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी हृदय कमी काम करीत नसते, ते नको इतके काम करून थकलेले असते. थायामिनच्या अभावी होणाऱ्या या विकाराला ओली बेरीबेरी म्हणतात. मज्जातंतू बिघडून पायांना मुंग्या येतात, बळ जाते, ती सुकी बेरीबेरी.

हे घडते कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते समजले की उपचार इतका साधा का आहे हेही समजते. भातातून मिळालेली साखर पेशींत पूर्णपणे जळण्यासाठी थायामिन लागते. ते नसेल तर जळण अर्ध्या वाटेवर अडते आणि लॅक्टेट साचत जाते; रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाला अधिकाधिक रक्त फिरवावे लागते, आणि शरीरात पाणी कमी पडले आहे अशी मूत्रपिंडांची चुकीची समजूत होऊन ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हा सगळा वाढीव ओघ हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत जातो, म्हणून उजवी बाजू फुगते आणि फुप्फुसांच्या धमन्यांतील दाब चढतो. आपल्या शरीरात थायामिनचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि प्रौढ पुरुषाची रोजची गरज सुमारे १.२ मिलिग्रॅम, आवक थांबली तर दोन-तीन आठवड्यांत हा साठा रिता होऊ लागतो. वर्षानुवर्षांच्या उपासमारीची येथे गरज नसते.

मामांच्या बाबतीत तर ही शिदोरी चहूबाजूंनी संपत असावी. पांढरा तांदूळ सडताना कोंड्याबरोबर बहुतेक थायामिन निघून जाते. दारू आतड्यांतील त्याचे शोषण कमी करते. चहा आणि सुपारी यांतील तुरट द्रव्ये त्याला निकामी करतात. आणि ज्या गोळीने सूज उतरवली जात आहे तीच दीर्घकाळ घेतली असता लघवीवाटे थायामिन बाहेर टाकते. म्हणजे सूज परत आली की मात्रा वाढवायची, मात्रा वाढली की उणीव वाढायची, आणि उणीव वाढली की सूज परत यायची, असे हे चक्र असू शकते. औषध चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, ते आपल्या मनाने थांबवूही नका. मात्र ते घेणाऱ्या माणसाच्या ताटात काय पडते हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता, आणि तो विचारला गेला नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता करायचे काय? रक्तातील थायामिनची तपासणी होते, पण तिचा अहवाल यायला दिवस लागतात, आणि नमुना थायामिन देण्याआधी घ्यावा लागतो. म्हणून रीत अशी की संशय आला की नमुना घ्यावा आणि अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून थायामिन द्यावे, सामान्यतः १०० मिलिग्रॅम किंवा अधिक. औषध अत्यंत स्वस्त आहे आणि अपाय क्वचितच होतो. निदान बरोबर असेल तर काही तासांत ते दोन दिवसांत लघवी वाढते, धाप कमी होते, नाडी निवते. येथे उपचार हीच परीक्षा असते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले जावे : अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावायचे झाल्यास थायामिन त्याच्या आधी गेले पाहिजे, कारण साखरेचा लोंढा आला की उरलेसुरले थायामिनही खर्ची पडते, आणि दारू पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला त्यातून कायमची इजा होऊ शकते.

त्याच वेळी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि यकृत तपासून घ्या. थायरॉईडचा अतिरेक, तीव्र पंडुरोग आणि यकृताचा जुनाट आजार यांतही हृदयावर असाच वाढीव भार पडतो. लोहाची तपासणी, म्हणजे फेरिटिन, आवर्जून करा. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाची उणीव मानतात. ज्यांच्या हृदयाचे आकुंचन कमी झालेले आहे अशा रुग्णांना शिरेतून लोह दिल्यास चालण्याची ताकद सुधारते, पोटातून घेतलेल्या गोळ्यांचा तसा उपयोग दिसलेला नाही. मामांचे आकुंचन चांगले आहे, तेव्हा त्यांच्यासाठी काय करावे ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे.

अचानक श्वास फार जलद झाला, रक्तदाब कोसळला किंवा भ्रम होऊ लागला, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठा. बेरीबेरीचा एक झपाट्याने वाढणारा प्रकार आहे, त्याला जपानी भाषेतून आलेले शोशिन हे नाव आहे. त्यात थायामिन न मिळाल्यास माणूस तासांत दगावू शकतो.

उत्तर : चढणीवरचा, तिसवाडी

वरील विवेचनाबद्दल आदर राखून एक उलट अनुभव नोंदवतो. माझ्या वडिलांना धाप लागत होती तेव्हा एका डॉक्टरांनी ती अशक्तपणाची मानून आठ महिने टॉनिक आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, आणि आम्हीही घरात काजू-बदाम वाढवून निश्चिंत राहिलो. शेवटी इको केला तेव्हा लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाली, वडील आज बरे आहेत, परंतु ते आठ महिने वाया गेले. मामांचा इको झालेला आहे हे चांगलेच आहे. तरीही जुना क्षय, बिड्यांनी खराब झालेली फुप्फुसे आणि फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी या गोष्टी वगळल्या गेल्या आहेत का, हे विचारल्याशिवाय सगळा भार एका जीवनसत्त्वावर टाकू नये.

उत्तर : बालरोगांच्या विभागातून

दोन्ही मते मला पटतात, आणि त्यांच्यात विरोध नाही. मी मुलांवर उपचार करते, म्हणून याच आजाराची दुसरी बाजू मांडते, कारण ती वाचून कदाचित एखादे तान्हे मूल वाचेल.

एक ते चार महिन्यांचे, केवळ अंगावर पिणारे, तोवर बाळसे धरलेले मूल अचानक दूध सोडते, ओकाऱ्या काढते, त्याचा आवाज बसतो, ते रडताना तोंड उघडते पण सूर फुटत नाही, श्वास जलद होतो आणि यकृत सुजते. इको केला तर फुप्फुसांच्या धमन्यांतील दाब फार वाढलेला आणि हृदयाची उजवी बाजू ताणलेली दिसते. प्रथमदर्शनी हा न्यूमोनिया किंवा रक्तातला जंतुसंसर्ग वाटतो, प्रतिजैविके सुरू होतात, आणि मूल खालावत जाते. अशा बाळांना थायामिन दिल्यावर काही तासांत ते एक-दोन दिवसांत दाब उतरतो. कर्नाटक आणि काश्मीर या दोन्ही ठिकाणच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा बाळांचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून सविस्तर मांडले आहेत. दोन्हीकडे मातांच्या आहारात सडलेला पांढरा तांदूळ आणि बाळंतपणातील कडक पथ्य हा दुवा आढळला.

आपल्याकडेही काही घरांत बाळंतिणीला दीड-दोन महिने तूप-मिरीचा भात आणि फार तर सुके खोबरे एवढ्यावर ठेवतात. कडधान्याने बाळाला वात होईल, नुस्त्याने जखम चिघळेल, भाजीने पोट बिघडेल, अशी समजूत असते. आजी हे सारे मायेपोटीच करते, म्हणून मी तिला दोष देत नाही. परंतु आईच्या दुधातील थायामिन आईच्या ताटातून येते, आणि आई वरून धडधाकट दिसत असतानाही दूध त्या बाबतीत रिते असू शकते. तिला विचारले तर तळपायांना मुंग्या येतात असे ती कधीकधी सांगते. बाळाबरोबर तिलाही थायामिन द्यावे लागते.

ड जीवनसत्त्वाविषयीही एक वाक्य. त्याच्या उणिवेने रक्तातील कॅल्शियम फार घसरले तर तान्ह्या मुलाचे हृदय फुगून त्याचे आकुंचन मंदावते, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिल्यावर ते पुष्कळदा पूर्वपदावर येते.

उत्तर : अंजदीवचा वाचक, काणकोण

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचतो. तरीही हा विषय माझ्या किनाऱ्याशी जोडलेला आहे, म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावरून वास्को द गामाची गलबते ऑक्टोबर १४९८ मध्ये परतीला निघाली. वारा प्रतिकूल असल्याने अरबी समुद्र ओलांडायला त्यांना तीन महिने लागले, आणि त्या अवधीत हिरड्या आणि पाय सुजून सुमारे तीस खलाशी मेले. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली गेली. पुढे माणसेच पुरेशी उरली नाहीत म्हणून त्यांना एक गलबत जाळून टाकावे लागले. हा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, त्यांत संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले.

स्कर्व्ही म्हटले की आपल्याला हिरड्या आठवतात, पण त्या काळच्या वर्णनांत थोड्याशा हालचालीने धाप लागणारे आणि बिछान्यातून उठता-उठता कोसळून मरणारे खलाशीही आहेत. अलीकडच्या काळात डॉक्टरांनी अशा रुग्णांचे इको केले तेव्हा त्यांतील काहींच्या फुप्फुसांच्या धमन्यांत फार वाढलेला दाब आढळला, आणि क जीवनसत्त्व दिल्यावर तो उतरला. यांत ठरावीक दोन-तीनच पदार्थ खाणारी स्वमग्न मुले आहेत, आणि एकटी राहणारी वयस्कर माणसेही. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड टिकून राहायला क जीवनसत्त्व लागते. तसेच प्राणवायू कमी पडल्याची खोटी हाक पेशींत उठू नये म्हणून जी व्यवस्था आहे, तिला क जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही लागतात, असे मला एका जाणकाराने समजावले.

मामांच्या पेजेच्या वाटीत भाजी नाही, फळ नाही, हे वाचून मला हीच शंका आली. त्यांच्या हिरड्या आणि पायांवरील केसांच्या मुळाशी लाल ठिपके आहेत का, ते पाहावे. काजूच्या ज्या बोंडूंचा रस काढून फेणी गाळली जाते, त्या ताज्या बोंडूत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. गाळलेल्या फेणीत ते उतरत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता : वाळवंटीकाठ, साखळी

बारा दिवसांनी लिहितो आहे; उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. आपल्या सर्वांचे लेखन छापून मी मामांच्या नव्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ते शांतपणे वाचले, मामांना जीभ दाखवायला लावली, गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाहिले आणि मग अर्धा तास केवळ जेवणाविषयी विचारले. मामा प्रथम संकोचले, आणि नंतर म्हणाले की बायको गेल्यापासून चूल दोनदा पेटवायचे मनच होत नाही. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

रक्ताचा नमुना घेऊन त्याच संध्याकाळी थायामिन सुरू केले. दुसऱ्या रात्री मामा लघवीसाठी सहा वेळा उठले. पाचव्या दिवशी घोट्याचे हाड दिसू लागले, जे मी तीन महिन्यांत पाहिले नव्हते, आणि लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी निम्म्यावर आणली. फेरिटिन कमी आले आहे, त्याचा उपचार वेगळा ठरणार आहे. थायरॉईड ठीक आहे. तिसवाडीच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे छातीचे सी.टी. स्कॅनही झाले, त्यात गुठळी नाही. हिरड्यांतून थोडे रक्त येत होते, म्हणून क जीवनसत्त्वही चालू आहे. फुप्फुसांतला दाब किती उतरला ते सहा आठवड्यांनंतरच्या इकोमध्ये कळेल. फेणी त्यांनी बंद केली आहे. आठवडा झाला, पुढचे मी खात्रीने सांगू शकत नाही.

मामेबहीण महिनाभर तिथेच राहायला आली आहे. तिचे दोन प्रश्न आहेत. रेशनच्या तांदळात जीवनसत्त्वे घालतात असे ऐकले आहे, मग तोच वापरला तर चालेल का? आणि उकड्या तांदळाची पेज केली तर वरचे पाणी ओतायचे की ठेवायचे?

उत्तर : निवृत्त वैद्यकशिक्षक, मडगाव

वाचून फार आनंद झाला. घोट्याचे हाड दिसू लागले ही बातमी मला कोणत्याही अहवालापेक्षा मोलाची वाटते.

जो तांदूळ पोषणयुक्त करतात, त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ मिसळतात. ब१ मिसळणे बंधनकारक नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. उकडा तांदूळ आणा. भात सालीसकट उकडताना कोंड्यातील थायामिन दाण्याच्या आत मुरते, आणि मग गिरणीत सडला तरी त्यात पांढऱ्या तांदळाच्या दुपटी-तिपटीने थायामिन उरते. तांदूळ एकदाच हलका धुवा. थायामिन पाण्यात विरघळते, तेव्हा पेजेचे पाणी मुळीच ओतू नका, ते मामांना प्यायला द्या. सोबत अळसांदे (चवळी), कुळीथ किंवा मूग यांपैकी एक रोज असू द्या, आणि ते लवकर शिजावेत म्हणून सोडा घालू नका. सोड्याने थायामिन नष्ट होते. सकाळी पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, मिळाली तर उत्तम. चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने द्यावा. गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या ते डॉक्टर ठरवतील, आणि लघवीची गोळी सुरू असेपर्यंत त्या बहुधा थांबवणार नाहीत. सहा आठवड्यांनंतरच्या इकोचे आकडे येथे अवश्य कळवा.